मागच्या दाराने

जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात अलार्म बसवणारा मुलगा आला. बाराव्या मजल्यावर चोर कशाला चढतोय, असं माझं मत. पण घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून घरात माझ्या मताला फारसं कोणी विचारत नाही. त्याने दाराला चुंबक लावलं, हॉलच्या कोपऱ्यात सेन्सर ठोकला आणि कीपॅडपुढे मला उभं केलं. "ताई, मास्टर कोड तुम्हीच टाका, मी बघत नाही," म्हणत राज्य आल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वाढदिवस, लग्नाची तारीख, 1234 हे सगळं बाद. मी माहेरच्या जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे दाबले.

मग झोन आले. मुख्य दार 'डिले'वर: उघडल्यावर कोड दाबायला तीस सेकंद मिळतात. बाल्कनी 'इन्स्टंट'वर: तिथून आला की लगेच भोंगा. धुराचा सेन्सर चोवीस तास जागा, त्याला सुट्टी नाही. रात्री 'स्टे' लावायचं, म्हणजे दारांवर पहारा आणि हॉलमधला डोळा मिटलेला; नाहीतर पाणी प्यायला उठलेला माणूसच चोर ठरतो. (पाल सेन्सरवर चढली तर काय, हे विचारल्यावर तो नुसता हसला.)

दारावर घंटा बांधायची ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या एका पाद्र्याने तिचं पेटंट घेतलं 1853 साली. दार-खिडकी उघडली की विजेने घंटा वाजायची. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. ठाणेकर गाडी बघायला लोटले असतील. दाराची काळजी तेव्हा कोणाला?

आम्हाला तर नंतरही नव्हती. नौपाड्याच्या आमच्या वाडीत पुढच्या दाराने यायचे ते पाहुणे. त्यांच्यासाठी खुर्ची, तांब्या-भांडं, आवाज एक पट्टी खाली. घरची माणसं मागून, मोरीच्या बाजूने, थेट स्वयंपाकघरात. शेजारच्या काकू, त्यांची मुलं, भाजी निवडायला बसलेली आत्या. मागच्या दाराने आलेल्याला कोणी 'या' म्हणत नसे, कारण तो आलेलाच असे. या यंत्राचा हिशेब नेमका उलटा. पुढून येईल तो घरचा, आडवाटेने येईल तो चोर. काकू आज आल्या असत्या तर भोंगाच झाला असता.

शेवटी त्याने ड्युरेस कोड समजावला. कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला, तर हा वेगळा आकडा दाबायचा. अलार्म नेहमीसारखा बंद होतो, भोंगा वाजत नाही, समोरच्याला काही कळत नाही. पण बाहेर निरोप जातो.

हे तर आईला कधीपासून येत होतं. पुढे पाहुणा ऐसपैस बसला की ती आतल्या बाजूला बघून म्हणायची, "अगं, दुधाचं पातेलं झाकलंस ना?" दूध संपलंय, हा त्याचा अर्थ. मी भांडं घेऊन मागच्या दाराने काकूंकडे पळायचे. पाहुण्याला वाटे, काय टापटीप घर आहे!

आई आता नौपाड्यातच, पण इमारतीत राहते. एकच दार, त्याला आतून दोन कड्या. बाबांना रात्री ॲडमिट केलं होतं, त्या संध्याकाळी फोनवर ती मला म्हणाली होती, "इकडे सगळं छान. तू जेवलीस का?" परवाही हेच म्हणाली. मी "हो" म्हणून फोन ठेवला.

मुलगा विचारत होता, "ताई, ड्युरेसला कोणता आकडा?" मी म्हटलं, "ते राहू दे आत्ता. मुख्य दाराचा डिले तेवढा साठ कर. आई आली की तिला चपला काढायलाच वेळ लागतो."