केमोकाइन बाहेरच राहते, मग निरोप आत कसा जातो?

रोगप्रतिकारशक्तीवर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हटकून येतो: केमोकाइन, म्हणजे श्वेतपेशींना बोलावणारे छोटे निरोप्या प्रथिन, श्वेतपेशीच्या आत शिरून काही सांगत नाही, तर आतल्या यंत्रणेला त्याची वार्ता लागते कशी? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केमोकाइनचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप पकडणारा रेणू, ही पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची एकच साखळी. केमोकाइन आधी या ग्राहीच्या बाहेरच्या टोकाला बिलगते आणि मग आपले मोकळे टोक सात वेटोळ्यांमधल्या खोबणीत खुपसते. इथे कुलूप-किल्लीची उपमा देणे मी सोडून दिले आहे, कारण ती नेमकी बसण्यापाशीच थांबते आणि खरी गोष्ट त्यानंतर घडते. ग्राहीचा आकार बदलतो, त्याचे सहावे वेटोळे पेशीच्या आतल्या बाजूला इतर वेटोळ्यांपासून दूर सरकते आणि त्या फटीत निरोप पुढे नेणारे जी-प्रथिन येऊन बसते. ते आपल्याला चिकटलेला जीडीपी हा छोटा रेणू सोडून जीटीपी हा दुसरा रेणू धरते आणि त्याचे दोन भाग होतात: अल्फा-आय आणि बीटा-गॅमा. हालचालीचा मुख्य भार बीटा-गॅमा उचलते, कारण फॉस्फोलायपेज-सी आणि पीआय३-कायनेज-गॅमा ही विकरे तेच जागी करते. फॉस्फोलायपेज-सीमुळे पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते. म्हणून कॅल्शियम मिळताच चमकणारा रंग पेशींत भरून वरून केमोकाइनचा थेंब सोडला, तर काही सेकंदांतच अंधारलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळतात. हे कितीदा पाहिले तरी माझी नजर हटत नाही. मग रॅक नावाच्या प्रथिनामार्फत पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिन या सांगाड्यातल्या प्रथिनाचे धागे वाढतात आणि पेशी त्या दिशेने सरकू लागते.

जी-प्रथिनावाचून हे अडते, याचा पुरावा डांग्या खोकल्याच्या जिवाणूनेच दिला आहे. त्याचे विष अल्फा-आयवर एक रासायनिक गट चिकटवते, त्यामुळे ग्राही आणि जी-प्रथिन यांची गाठच पडत नाही. परिणामी लसिकापेशी (श्वेतपेशींचा एक प्रकार) लसिकाग्रंथींत शिरू न शकल्याने रक्तातच साठतात आणि आजारी तान्ह्या बाळाच्या रक्ततपासणीत त्यांची संख्या भलतीच वाढलेली दिसते.

निरोप थांबवण्याबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच भाग अधिक नाजूक आहे. काम झाले की ग्राहीच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढतात, बीटा-अरेस्टिन नावाचे प्रथिन तिथे येऊन जी-प्रथिनाची वाट अडवते आणि ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. व्हिम सिंड्रोम या दुर्मीळ आजारात बहुधा सीएक्ससीआर-४ या ग्राहीची हीच शेपटी जन्मतः तोकडी असते, हे २००३ मध्ये उघड झाले. शेपटी अपुरी, त्यामुळे निरोप वेळेवर थांबत नाही. आणि या ग्राहीला बोलावणारे केमोकाइन अस्थिमज्जेत मुबलक असल्याने न्यूट्रोफिल या श्वेतपेशी तिथेच अडकून पडतात व रक्तात त्यांची चणचण भासते. हा ग्राही अडवणाऱ्या मॅव्होरिक्साफोर या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते घेतल्यावर न्यूट्रोफिल मज्जेबाहेर पडू लागतात.