विज्ञानकथा आणि फँटसी: कुठून शिरायचं, कुठे अडतं

विज्ञानकथा आणि फँटसीच्या 'वाचायलाच हव्यात' अशा याद्या ढिगाने मिळतात आणि बहुतेकींत तीच पंचवीस-तीस नावं फिरत असतात. नावं चांगलीच असतात. पण आत कुठून शिरायचं हे यादी सांगत नाही, आणि या प्रकारातली बरीच उत्तम पुस्तकं पहिल्या पन्नास पानांतच वाचकाची परीक्षा घेतात. म्हणून इथे पुस्तकाबरोबर वाचक नेमका कुठे अडतो आणि तिथे काय करावं, तेही लिहिलं आहे.

सर्वांत जास्त वेळा अर्धवट सुटणारं पुस्तक बहुधा फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' (१९६५) असावं. पहिल्याच प्रकरणात बेने गेसेरिट, गॉम जब्बार, क्विसात्झ हाडेराख असे शब्द येऊन आदळतात आणि लेखक अर्थ सांगायला थांबत नाही. शेवटी शब्दसूची आहे, पण पहिल्या वाचनात दर वाक्याला तिकडे धावू नये. लय तुटते, आणि बरेचसे शब्द दोन-तीनदा आले की संदर्भातून आपोआप उलगडतात. तिसऱ्या वेळीही जो कळला नाही, तेवढाच शोधावा. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक उतारा असतो, बहुतेकदा राजकन्या इरुलानच्या लेखनातला. हे उतारे पुढचं बिनदिक्कत फोडतात. फितूर कोण हेसुद्धा फार लवकर कळतं. हर्बर्टने ते मुद्दाम केलं आहे. पुढे काय होणार हे दिसत असतानाही माणसं त्यात कशी ओढली जातात, यावर सगळा ताण उभा आहे. रहस्यकथा समजून वाचलं तर पुस्तक फुसकं वाटेल.

त्यानंतरचं 'ड्यून मेसाया' (१९६९) बरंच छोटं आहे. पहिल्या भागात नायक पॉलला डोक्यावर घेतलेले वाचक इथे हिरमुसतात, कारण त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धाचा हिशोब इथे मांडला जातो. नायकावर आंधळा विश्वास टाकणं किती महागात पडतं, हे हर्बर्टचं मूळ म्हणणं या दुसऱ्या पुस्तकात पुरं होतं, म्हणून दोन्ही लागोपाठ वाचावीत. त्याने एकूण सहा लिहिली. माझ्या मते दोनवर थांबलं तरी काही बिघडत नाही. चौथं, 'गॉड एम्परर ऑफ ड्यून', पानोपानी तत्त्वचर्चा झेपणाऱ्यांनीच हाती घ्यावं.

फँटसीत पहिलं पुस्तक म्हणून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सुचवण्याची पद्धत आहे. मी तसं सुचवत नाही. उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) आधी वाचावं. ते जेमतेम दोनशे पानांचं आहे आणि भाषा जुन्या लोककथेसारखी घट्ट. त्यातल्या जादूला कडक नियम आहे: प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं, ते कळलं की तिच्यावर सत्ता येते, पण एका ठिकाणी ओढलं की दुसरीकडे तोल जातो. गेड नावाचा गर्विष्ठ पोरगा हा नियम मोडतो आणि उरलेलं पुस्तक त्याची किंमत मोजण्यात जातं. दुसऱ्या भागात, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये (१९७१), गेड बराच वेळ दिसतच नाही. गोष्ट टेनार नावाच्या मुलीची आहे. चुकीचं पुस्तक आणलं की काय, असं वाटून ठेवून देऊ नये, कारण मालिकेतला सर्वांत नेटका भाग हाच आहे. तिसरा १९७२चा आणि चौथा, 'टेहानू', थेट १९९०चा. मधल्या अठरा वर्षांत ले ग्विनने आपल्याच जगाकडे, विशेषतः तिथल्या बायकांच्या जागेकडे, नव्याने पाहिलं. त्यामुळे पहिली तीन पुस्तकं बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बेलाशक द्यावीत, पण चौथ्यात लहान मुलीवर झालेल्या भयंकर अत्याचाराचा संदर्भ आहे, ते मोठेपणासाठी राखून ठेवावं.

मग टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. १९५४-५५मध्ये आलेले तीन खंड म्हणजे मुळात एकच कादंबरी आहे, त्यामुळे पहिला खंड संपला की 'शेवट कुठाय?' म्हणून चिडू नये. सुरुवातीची प्रस्तावना, ज्यात हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या चालीरीती आणि तंबाखूचा इतिहास आहे, ती सरळ सोडावी आणि पुस्तक संपल्यावर वाचावी. पहिला चढ ओल्ड फॉरेस्ट आणि टॉम बॉम्बाडिलच्या प्रकरणांत येतो, तिथे कथानक हलत नाही. दुसरा 'द काउन्सिल ऑफ एल्रॉन्ड'मध्ये: लांबलचक बैठक, डझनभर नवी नावं. हे प्रकरण एका बैठकीत, नकाशा शेजारी उघडा ठेवून वाचावं. तुकड्यातुकड्यांनी वाचलं की धागे हातातून निसटतात. गाणी नको वाटली तर गाळा, कोणी शिक्षा करत नाही. मात्र तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टातली अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेनची कथा सोडू नका. आणि लगेच 'द सिल्मरिलियन'कडे जाऊ नका. टोल्किनच्या मृत्यूनंतर, १९७७मध्ये, मुलाने जुळवून छापलेलं ते पुस्तक कादंबरी नाहीच, पुराण आहे. उत्सुकता असेलच तर आधी फक्त बेरेन आणि लूथिएनचं प्रकरण वाचून बघावं.

विज्ञानकथेचं दार मात्र लघुकथांमधून उघडतं असं माझं ठाम मत आहे. टेड चिआंगचा 'स्टोरीज ऑफ युवर लाइफ अँड अदर्स' (२००२) हा संग्रह घ्या आणि एका दिवसात एकच कथा वाचा. पहिली, बाबेलच्या मनोऱ्याची, सोपी आहे. परग्रहवासीयांची भाषा शिकणाऱ्या बाईच्या शीर्षककथेत आई मुलीशी बोलताना भूतकाळ आणि भविष्यकाळ यांची सरमिसळ करते. ती मुद्रणाची चूक समजू नये, कथेची किल्लीच ती आहे. मध्ये प्रकाशाचा एक नियम येतो: हवेतून पाण्यात शिरणारा किरण कमीत कमी वेळ लागेल अशाच वाटेने वळतो, जणू कुठे पोचायचं हे त्याला निघतानाच ठाऊक असतं. तेवढा परिच्छेद दोनदा वाचला की परग्रहवासीयांची भाषा तशी का आहे हे उमगतं. पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टिपणं आहेत. ती कथेआधी वाचली तर मजा जाते.

याच जातीचं मराठीतलं पुस्तक म्हणजे जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मोबियस पट्टीच्या (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या, एकाच बाजूच्या पट्टीच्या) भूमितीतून माणसाचं डावं-उजवं उलटं होतं. एक वैज्ञानिक कल्पना घ्यायची, ती नीट समजावायची आणि तिच्यावरच गोष्ट उभी करायची, ही शिस्त तिथे स्वच्छ दिसते. माणसांचे स्वभाव पातळ वाटतील, हे खरं. पण तो आक्षेप अ‍ॅसिमोव्हवरही घेता येतो.

अ‍ॅसिमोव्हचं 'फाउंडेशन' (१९५१) म्हणजे पाच जोडकथा, त्यातल्या चार १९४२ ते १९४४ या काळात मासिकात आलेल्या. दर कथेत दशकं उलटतात आणि पात्रं बदलतात, म्हणून कोणाशी फार जवळीक करू नये. लढाया पडद्यामागे होतात, समोर दिसतात त्या खोल्या आणि बोलणी. पेच कसा सुटतो याकडे लक्ष ठेवलं की गोडी लागते, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात भविष्य वर्तवणाऱ्या गणितात न बसणारा एक माणूस उगवतो तेव्हा खरी रंगत येते. वाचावं प्रकाशनाच्या क्रमाने. 'प्रेल्यूड टू फाउंडेशन' (१९८८) कथेच्या काळानुसार आधीचं असलं तरी आधी वाचू नये, मागच्या पुस्तकांतले धक्के त्यात वाया जातात.

ल्यू त्सीशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चिनी नावांमुळे सुटतं. आडनाव आधी येतं हे लक्षात ठेवावं आणि 'ये' घराण्यातली माणसं एका कागदावर मांडावीत, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. इंग्रजी आवृत्ती (२०१४) माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीपासून सुरू होते; चिनी पुस्तकात तो भाग पुढे ढकललेला होता. संगणकी खेळाची प्रकरणं विचित्र वाटली तरी गाळू नयेत, कोडं तिथेच आहे. पुढच्या 'द डार्क फॉरेस्ट'चा सुरुवातीचा भाग, त्यातही नायक लुओ जीच्या काल्पनिक प्रेयसीचं प्रकरण, कंटाळवाणा आहे आणि स्त्रीपात्रं कचकड्याची आहेत. तरीही शेवटासाठी तो सोसावा.

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आहेत. पहिलीपासून सुरू करू नका, 'गार्ड्स! गार्ड्स!' किंवा 'स्मॉल गॉड्स' घ्या. हा प्रकारच आवडत नाही म्हणणाऱ्याला ऑक्टेव्हिया बटलरचं 'किंड्रेड' (१९७९) किंवा सुझाना क्लार्कचं छोटेखानी 'पिरानेसी' (२०२०) द्यावं. 'पिरानेसी'चं मलपृष्ठसुद्धा वाचू देऊ नये. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ('गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या) मालिकेचा पाचवा भाग २०११चा, पुढचे दोन जाहीर होऊनही आलेले नाहीत. अपुरी गोष्ट चालत असेल तरच सुरू करा.

स्तानिस्वाव लेमच्या 'सोलारिस'चं (१९६१) जुनं इंग्रजी भाषांतर पोलिशवरून नव्हे, फ्रेंचवरून झालेलं आहे आणि लेमला ते पसंत नव्हतं. २०११मध्ये बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशवरून केलेलं आलं. पर्याय असेल तर तेच घ्यावं. मधली ग्रंथालयाची प्रकरणं, ज्यात सोलारिस या ग्रहावरच्या संशोधनाचा सगळा इतिहास येतो, रटाळ भासतात. पण शतकभर अभ्यास करूनही माणसाला काही कळलेलं नाही, हा विनोद त्याच पानांत दडला आहे.

आणि जीन वुल्फचं 'द बुक ऑफ द न्यू सन' (चार खंड, १९८० ते १९८३) सुरुवातीला मुळीच नको. त्यातले अनोळखी शब्द लेखकाने रचलेले नाहीत, वापरातून गेलेले जुने खरे शब्द आहेत, त्यामुळे जाड शब्दकोश कामी येतो. कथन करणारा सेव्हेरियन 'मी काहीच विसरत नाही' असं सांगतो आणि महत्त्वाच्या गोष्टी बेमालूम गाळतो. एखादी व्यक्ती अचानक ओळखीची वाटली तर पान उलटून मागे जाऊन बघा. बहुतेकदा ती आधी येऊन गेलेली असते.