रेंजफाइंडर कॅमेरा आणि फास्ट लेन्सचा फोकस

लायकाच्या एम मालिकेतील रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/०.९५ नॉक्टिलक्स ही फास्ट, म्हणजे फार मोठ्या अॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) लेन्स लावली की फोकस हमखास चुकणार, हा समज छायाचित्रकारांमध्ये घट्ट रुजलेला आहे. एक मीटरवर या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारा अंतराचा पट्टा, जेमतेम दोन सेंटिमीटर असते हे खरे, परंतु त्यावरून रेंजफाइंडरला, म्हणजे दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधणाऱ्या यंत्रणेला, दोष देणे मला घाईचे वाटते.

रेंजफाइंडरची अचूकता त्याच्या दोन खिडक्यांमधील अंतरावर आणि व्ह्यूफाइंडरच्या मॅग्निफिकेशनवर अवलंबून असते. एम६ मध्ये हे अंतर ६९.२५ मिमी आणि मॅग्निफिकेशन ०.७२ आहे, दोहोंचा गुणाकार (जितका मोठा, तितकी अचूकता जास्त) सुमारे ५० मिमी येतो, तर १९५४ च्या एम३ मध्ये तो ६२ मिमीपर्यंत जातो. विषय जितका दूर, तितकी रेंजफाइंडरची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; पण डेप्थ ऑफ फील्डही जवळपास त्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे अंतराचा प्रश्न बाजूला पडतो आणि निर्णायक ठरते ती लेन्स. फोकल लेंथच्या (नॉक्टिलक्ससाठी ५० मिमी) वर्गाला एफ-क्रमांकाने (०.९५) भागले की ती लेन्स किती काटेकोरपणा मागते हे कळते. नॉक्टिलक्ससाठी हे उत्तर सुमारे २,६३० येते, तर कुणालाही न घाबरवणाऱ्या ९० मिमी एफ/२ साठी ४,०५०! १३५ मिमी एफ/२.८ एल्मारिटसाठी ते ६,५०० वर जाते, आणि म्हणूनच त्या लेन्सला व्ह्यूफाइंडरमधील प्रतिमा दीडपट करणारी भिंगे कायमची जोडलेली असतात.

मग नॉक्टिलक्सची छायाचित्रे का चुकतात? माझ्या मते मुख्य कारण फोकस साधल्यानंतर चौकट बदलण्यात आहे. रेंजफाइंडरच्या प्रतिमा जिथे जुळवायच्या तो ठिपका चौकटीच्या मध्यभागीच असतो. एक मीटरवरील डोळ्यावर फोकस करून कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर फोकसचे प्रतल त्या डोळ्याच्या सुमारे ३.४ सेंटिमीटर मागे जाते. ही चूक संपूर्ण डेप्थ ऑफ फील्डपेक्षा मोठी असून ती भूमितीची आहे, यंत्राची नव्हे. कॅमेरा वळवण्याऐवजी शक्य तितका समांतर सरकवला, तर ती बरीचशी टळते.

काही दोष लेन्सचेच असतात. झाइसच्या ५० मिमी एफ/१.५ सी सोनारमध्ये अॅपर्चर लहान केले की फोकस मागे सरकतो, त्यामुळे एफ/१.५ वर नेमकी बसणारी लेन्स एफ/२.८ वर चुकते. सोव्हिएत ज्युपिटर लेन्स लायकाहून वेगळ्या मानकावर बेतलेल्या असल्याने लायकावर जवळच्या अंतराला त्या मोठ्या अॅपर्चरवर सहसा जुळत नाहीत.

म्हणून एका लेन्सचा फोकस चुकतो एवढ्यावरून कॅमेऱ्यातील रोलर (लेन्सची हालचाल रेंजफाइंडरपर्यंत पोहोचवणारा भाग) फिरवू नये, कारण त्यामुळे नीट चालणाऱ्या इतर सगळ्या लेन्स बिघडतात. आधी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, नेहमीच्या अंतरावर आणि नेहमीच्या अॅपर्चरवर, तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीवर प्रत्येक लेन्स स्वतंत्रपणे तपासावी. सर्व लेन्स एकाच दिशेने चुकत असतील, तरच दोष कॅमेऱ्यात शोधावा.