पान मिटून लिहिलेले निर्णय : चरित्रवाचनाची तिसरी नोंद

यंदाच्या पोळ्याला माझ्या या वहीला दोन वर्षं झाली. चौदा चरित्रं-आत्मचरित्रं वाचून झाली, त्यांतले एकेचाळीस निर्णय वहीत उतरले आणि मागच्या पानांवर माझे स्वतःचे नऊ. मागच्या नोंदीनंतर दोघा-तिघा वाचनमित्रांनी विचारलं की तू नेमकं करतोस काय. म्हणून आधी पद्धत सांगतो, कारण मधल्या काळात ती बदललीही आहे.

वही म्हणजे वडिलांच्या वेळची लाल कापडी बांधणीची खतावणी. निम्मी कोरी होती. वाचताना चरित्रातला माणूस दोन वाटांच्या मध्ये येऊन थांबला की मी तिथेच पुस्तक मिटतो. खुणेला कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाची पट्टी कापून ठेवली आहे, ती घालतो. मग वहीत चार रकाने : त्या दिवशी त्याला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, कोणाला विचारलं, किती दिवस घेतले. खाली एक ओळ, मी त्याच्या जागी काय केलं असतं याची. ती लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. रात्री शेतीची थ्री फेज वीज आली की मोटर चालू करून विहिरीपाशी बसावंच लागतं, माझं बरंचसं वाचन तिथलंच. बॅटरीच्या उजेडात लिहिलेली पानं ओळखू येतात, ओळी तिरक्या गेल्यात.

हे वेड लागलं ते कापसापायी. अमळनेर तालुक्यात आमची नऊ एकर, त्यातली पाच कपाशीला. 2021-22 च्या हंगामात मी कापूस घरात भरून ठेवला, कोणाचं ऐकलं नाही, आणि एप्रिलमध्ये 10,400 रुपये क्विंटलने दिला. गावात माझा शब्द चालायला लागला. पुढच्या वर्षी डिसेंबरात खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन 8,600 सांगत होता, मी परत पाठवला. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, लेकीचा अभ्यास शेजारच्यांच्या ओट्यावर. जूनमध्ये पेरणीला पैसा लागला तेव्हा तोच माल 7,100 ने काढला. चाळीस क्विंटल होता, हिशेब तुम्हीच करा.

पैशापेक्षा जास्त टोचलं ते दुसरंच. दोन्ही वर्षी मी एकच गोष्ट केली होती. पहिल्या वर्षी लोकांनी तिला हुशारी म्हटलं, दुसऱ्या वर्षी हट्ट. मग पहिल्या वर्षी मी निर्णय घेतला होता की नुसता भाव चढला होता? मोठ्या माणसांनी निर्णय घेतला त्या दिवशी त्यांच्या हातात काय होतं ते बघावं, असं तेव्हा मनात आलं. शेवट माहीत असताना चरित्र वाचलं की प्रत्येक निर्णय बरोबरच वाटतो. पान मिटण्याची युक्ती त्यासाठीच.

आता या वर्षातलं वाचन.

सुरुवात पुरंदरच्या तहाने केली. आमच्या वाचनमंडळातले सहा जण एका रविवारी बसलो. मिर्झाराजे जयसिंगाची फौज उतरलेली, दिलेरखानाचा पुरंदरला वेढा, मुरारबाजी पडलेले. 11 जून 1665 च्या तहात महाराजांना 23 किल्ले द्यायचे होते, हाती 12 राहणार होते. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं ठरलं : तुम्ही असता तर कोणते राखले असते? चिठ्ठ्या उघडल्या तर सहापैकी पाच जणांनी कोंढाणा आणि पुरंदर राखले होते. नावाजलेले गड, ज्यांच्यासाठी माणसं पडली ते गड. महाराजांनी ते दोन्ही दिले. राखले त्यांत राजगड, तोरणा, रायगड होते. राजधानी हातची गेली नाही. 1670 मध्ये मोगलांकडचे गड परत घ्यायला सुरुवात झाली तेव्हा कोंढाणा फेब्रुवारीत आला आणि पुरंदर त्याच्या पाठोपाठ.

त्या रात्री मी वहीत पाचवा रकाना आखला : काय सोडायचं नाही, हे आधी ठरलेलं होतं का? मग मागच्या सगळ्या नोंदी काढून तो भरत बसलो, आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत जेवढं कळलं तेवढं आधीच्या वर्षभरात कळलं नव्हतं.

साने गुरुजींवर मी सगळ्यात जास्त थांबलो. आमच्या गावचे म्हणून तर आहेच. अमळनेरला ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले, 1924 मध्ये शाळेत शिक्षक झाले, छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं स्वतः आवरायचे, हे इथे घरोघरी सांगतात. 1930 मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली त्या पानावर मी लिहिलं होतं, ‘मुलांना सोडून गेलो नसतो.’ आजही माझं उत्तर तेच आहे. ते मी खोडलेलं नाही. थोर माणसाच्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं पाहिजे, असा या वहीत नियम नाही.

पण खरा धडा पंढरपूरच्या उपोषणात सापडला. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून 1946 च्या अखेरीस गुरुजींनी प्राणांतिक उपोषणाचं ठरवलं. सेनापती बापटांनी त्यांना सांगितलं की आधी महाराष्ट्र फिरा, लोकांना समजावा, मग बसा. गुरुजींनी ऐकलं, उपोषण पुढे ढकललं आणि गावोगाव बोलत फिरले. शेवटी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषण सुरू झालं. मग गांधीजींची तार आली : उपोषण सोडा. इथे मी पट्टी घातली.

हे पान मिटून मी दोन रात्री काढल्या. ज्या माणसाच्या शब्दावर शाळा सोडली, तुरुंग भोगला, त्याचीच तार. मी लिहिलं, ‘सोडलं असतं. बापूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.’ पान उलटलं. गुरुजींनी उपोषण सोडलं नाही. काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, मंदिर खुलं करण्याचं ठरलं, आणि दहा दिवसांनी उपोषण सुटलं.

आधी वाटलं की गुरुजी हट्टी होते. पण हट्टी माणसाने बापटांचंही ऐकलं नसतं. पाचव्या रकान्यात उत्तर मिळालं. मंदिर खुलं झालंच पाहिजे, ही गोष्ट त्यांनी राखून ठेवली होती. तारीख राखून ठेवली नव्हती. बापटांनी तारखेबद्दल सांगितलं, ते मानलं. तारेतून आलं ते मूळ गोष्टीलाच हात घालणारं होतं, ते मानलं नाही, आणि गांधीजींवरची भक्तीही तसूभर ढळली नाही. आपल्या आदर्शाला नाही म्हणूनही त्याचंच राहता येतं, हे मला या पानाने दाखवलं. आदर्शांकडून निर्णय शिकायला बसलेल्या माझ्यासारख्याला यापेक्षा कामाचं पान दुसरं मिळालं नाही.

या वर्षीची दुसरी मोठी जोडी रानडे आणि कर्वे. मुद्दाम पाठोपाठ वाचले, तुम्हीही तसेच वाचा. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे पहिली पत्नी गेल्यावर 1873 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतात. बरोबर वीस वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे तशाच वळणावर उभे असतात, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न करतात. कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, बहिष्कार टाकला.

आमच्या मंडळात यावरून बरीच वादावादी झाली. एकजण रानड्यांना भित्रा म्हणाला. मला ते पटत नाही. रकाना भरून पाहिला तर वडिलांचा शब्द मोडायचा नाही ही त्यांची राखलेली गोष्ट होती, आणि कर्व्यांनी दुसरं लग्न केलं तर विधवेशीच ही राखली होती. दोघेही आपापल्या ठरवलेल्या गोष्टीला धरून राहिले. मला कर्व्यांची बाजू जवळची वाटते आणि ते मी उघड लिहिलं आहे. पण रानड्यांनी त्याच मुलीला स्वतः शिकवलं, पुढे तिनेच आठवणी लिहिल्या आणि त्या वाचूनच आपण आज हा वाद घालतोय, हेही पानाच्या कडेला लिहून ठेवलं आहे. कर्व्यांचं आत्मवृत्त वाचाल तर बाया कर्व्यांचं, म्हणजे याच गोदूबाईंचं, ‘माझे पुराण’ सोबत घ्याच. निर्णय एकाने घेतला तरी तो जगलेली माणसं दोन असतात, आणि बायांनी आपली बाजू कुठेही लपवलेली नाही.

आत्मचरित्रांची एक अडचण या वर्षी ध्यानात आली. चौरीचौऱ्याच्या हिंसाचारानंतर फेब्रुवारी 1922 मध्ये गांधीजींनी भरात आलेलं असहकार आंदोलन मागे घेतलं, तो निर्णय मला त्यांच्याच शब्दांत हवा होता. ‘सत्याचे प्रयोग’ 1920 च्या नागपूर काँग्रेसपाशी संपतं. पुस्तकभर शोधून मग कळलं. म्हणून आता एका माणसाची निदान दोन पुस्तकं घेतो, एक त्याने लिहिलेलं आणि एक त्याच्यावर दुसऱ्याने लिहिलेलं. उद्योजकांची चरित्रं यंदा एकच झालं, जळगावच्या भवरलाल जैनांचं. सरकारी अधिकाऱ्याची मिळणारी नोकरी सोडून 1963 मध्ये 7,000 रुपयांवर रॉकेलच्या धंद्यात उतरणं, या पानावर आमच्यातल्या प्रत्येकाने ‘नोकरी धरली असती’ असंच लिहिलं.

आता माझे निर्णय. नऊपैकी दोनच सांगतो.

पहिला बोअरचा. मार्चमध्ये विहीर तळाला गेली. वही काढली, चार रकाने नीट भरले, दोन दिवस विचार केला, बोअर मारली. चारशे फुटांपर्यंत धूळच धूळ आली, पाण्याचा थेंब नाही. मशीन गेल्यावर वही पुन्हा उघडली. ‘कोणाला विचारलं’ या रकान्यात एकच नाव होतं, बोअरच्या गाडीच्या एजंटाचं, ज्याला फुटामागे पैसे मिळतात. बांधाला लागून शेत असलेल्या काकांच्या दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या, त्यांना मी विचारलं नव्हतं. आणि पाचवा रकाना कोरा. किती खर्चापलीकडे जायचं नाही हे मी ठरवलंच नव्हतं, म्हणून तीनशेला थांबायचं ते ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत शंभर फूट पुढे गेलो. तेव्हापासून विचारलेल्या प्रत्येक नावापुढे मी लिहितो, याला माझ्या निर्णयातून काय मिळणार आहे.

दुसरा पुन्हा कापसाचा, 2024-25 च्या हंगामातला. दसऱ्याला, पहिली वेचणी घरात यायच्या आधीच पान लिहिलं. पाचव्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. माय कपाशीची नखं सोलत समोर बसली होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पहिले घरमा काय लागस ते देख, मंग भाव देख.” मग आम्ही दोघं मायलेक बसलो. लेकीची फी, सोसायटीचं कर्ज, दिवाळी, पुढच्या पेरणीचं बियाणं-खत. बेरीज करून क्विंटलमध्ये मांडली, सोळा क्विंटल झाले. हे सोळा भाव काहीही असो दिवाळीच्या आधी-नंतर काढायचे, त्यावर नजर लावायची नाही. उरलेल्याला फेब्रुवारीची मुदत, आणि लांब धाग्याचा हमीभाव 7,521 होता तो पाया धरायचा.

सोळा क्विंटल 6,900 ने गेले. तेव्हा हात थरथरला, खोटं कशाला बोलू. भाव आणखी चढेल असं गावात सगळे म्हणत होते. उरलेला जानेवारीत हमीभाव केंद्रावर घातला. फार कमाई झाली नाही. पण संक्रांतीला पुढची खोली रिकामी होती आणि लेक आपल्या टेबलाशी बसून अभ्यास करत होती. पान लिहिलं तेव्हा जे ठरलं होतं तसंच सगळं केलं, म्हणून त्या पानाखाली मी निकाल मांडला नाही, फक्त तारीख घातली.

पुढे काय वाचणार ते सांगून थांबतो. वर्गीज कुरियन यांचं घेऊन ठेवलं आहे. 1949 मध्ये सरकारी करारापायी आणंदला आलेला आणि मनातून निघून जायच्या तयारीत असलेला तरुण त्रिभुवनदास पटेलांच्या सांगण्यावरून थांबतो, ते पान मला आमच्या दूध सोसायटीतल्या पोरांसोबत मिटायचं आहे. त्याच्या आधी बाबासाहेबांचं चालू आहे. सप्टेंबर 1951 पर्यंत आलो आहे. हिंदू कोड बिल संसदेत अडकलेलं, मंत्रिपद हातात. त्यांनी राजीनामा दिला हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे मी प्रश्न बदलून लिहिला : कोणत्या दिवशी दिला असता, आणि त्याआधी कोणाशी बोललो असतो? पट्टी परवापासून त्या पानात आहे. तीन रकाने भरलेत, पाचवा भरला, चौथा राहिला. आज थ्री फेज रात्री बाराला आहे.