ठाण्यात घेतलेली जुनी सफारी आणि खिरेश्वरचा पहिला मुक्काम

कॅम्पिंगसाठी जुनी, मोठी एसयूव्ही घ्यायची असं ठरलं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा गेलो ते टेप घेऊन आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये. घोडबंदर रोडच्या बऱ्याच टॉवरमध्ये लिफ्टवालं पार्किंग असतं. त्याच्या खांबावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, आणि छोट्या गाडीवाल्याचं तिकडे कधी लक्षच जात नाही. सफारी स्टॉर्म, म्हणजे टाटाच्या जुन्या सफारीचं शेवटचं मॉडेल, १.९२ मीटर उंच, रुंदी १.९६ मीटरच्या वर आणि वजन दोन टनांच्या आसपास. वरच्या पाळण्यात ती चढणार नाही. आम्ही शेजाऱ्यांशी बोलून जमिनीवरची जागा बदलून घेतली आणि मगच गाड्या बघायला लागलो. ठाणे-नवी मुंबईत शोधणाऱ्यांनी हे पहिलं करावं, टोकन दिल्यावर नाही.

कुठली गाडी, यावर घरात बराच काथ्याकूट झाला. २००९ मध्ये आलेली पहिल्या पिढीची फॉर्च्युनर सगळ्यांनाच आवडते. तीन लिटरचं इंजिन, ८० लिटरची टाकी, लांबचा प्रवास बिनघोर. पण जुनी झाली तरी ती भाव सोडत नाही, आणि तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीट दुमडल्या की खिडक्यांशी टांगलेल्या राहतात. झोपताना नेमक्या खांद्यांच्या जागेत येतात. एन्डेव्हर चालवायला अप्रतिम, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं; सर्व्हिस मिळते, तरी एखाद्या पार्टसाठी थांबायची तयारी हवी. पजेरो स्पोर्टचंही थोडंफार तसंच. आम्ही सफारीवर आलो. लॅडर फ्रेमवरची, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी लोखंडी चासी असलेली जुनी सफारी १९९८ पासून २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे वागळे इस्टेटपासून जुन्नरपर्यंत तिला हात लावलेला मेकॅनिक सापडतो. शोधताना एक भान ठेवा: २०२१ मध्ये त्याच नावाने आलेली सफारी पूर्ण वेगळी आहे, तिला वेगळी चासी नाही आणि फोर व्हील ड्राइव्हही नाही.

माझं ठाम मत झालंय की कॅम्पिंगची जुनी गाडी दोनच गोष्टींवर निवडावी: खालची चासी आणि मागची झोपायची जागा. किलोमीटरचा आकडा, टचस्क्रीन, अलॉय, सीट कव्हर हे सगळं नंतर. आकडा मागे फिरवता येतो, पॉलिश एका दुपारी होतं. गंज लपवता येतो, पण घालवता येत नाही.

नवी मुंबईत एका डीलरकडे चकचकीत काळी स्टॉर्म उभी होती. आतून नव्यासारखी. किल्ली त्याने सवयीने माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. गाडी माझ्यासाठी आहे हे दोनदा सांगावं लागलं. वागळे इस्टेटमधले आमचे मेकॅनिक बरोबर होते, त्यांना सगळे भाऊच म्हणतात. भाऊंनी बॉनेट उघडायच्या आधी जमिनीवर गोणपाट टाकलं आणि टॉर्च घेऊन खाली सरकले. खाली सगळीकडे ताजा काळा रंग, अगदी नट-बोल्टवरसुद्धा. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत ठोकत मागे नेली. टण्ण, टण्ण, आणि मागच्या स्प्रिंगच्या जवळ एकदम बद्द. तिथे नाण्याने खरवडल्यावर काळ्या रंगाखालून तांबूस पापुद्रे निघाले. मग त्यांनी मला मागचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढायला सांगितलं. पट्टा वरून स्वच्छ होता, शेवटच्या हातभर तुकड्यावर मात्र वाळलेल्या चिखलाची आडवी रेघ होती. पाण्यात बुडालेली गाडी. डीलर म्हणाला, "मॅडम, मुंबईत पाणी कुणाच्या गाडीत शिरत नाही?" आम्ही तिथूनच परतलो.

हा बेल्टचा उपाय प्रत्येकाने करावा. गाडी धुणारा बेल्ट पूर्ण ओढून धूत नाही. त्याबरोबर सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशबोर्डखालच्या वायरींवरचा गाळ, फ्यूज बॉक्समधले हिरवट पडलेले टोक आणि कार्पेट उचलल्यावर येणारा कोंदट वास बघा. अत्तराचा फवारा जास्त मारलेला असेल तर कार्पेट दोनदा उचला.

शेवटी मिळाली ती पाचपाखाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांची २०१४ ची स्टॉर्म. पहिलेच मालक, एमएच-०४, फोर बाय टू (इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना), सर्व्हिसची बिलं वर्षवार फाइलला लावलेली. मी आदल्या दिवशी फोनवर विनंती केली होती की काका, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवला, थंड होतं. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठलं, धूर क्षणभर आणि मग साफ. निळा धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. थोडी वाफ चालते. धूर भसाभस बाहेर येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्यात आणि पुढचा खर्च मोठा आहे. झाकणाच्या आत दुधाळ थर दिसला तर बोलणी तिथेच थांबवा.

टेस्ट ड्राइव्ह सोसायटीच्या गल्लीत करून काही कळत नाही. ठाण्याच्या बाजूला असाल तर गायमुखचा चढ आहे, पण भल्या पहाटे, नाहीतर कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्येच दिवस जाईल. नवी मुंबईकरांना बेलापूरचा पारसिक हिल उत्तम. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच गेलाय. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या झाल्यात. स्पीड ब्रेकरवरून खिडक्या खाली करून, संगीत बंद करून हळू जा. खडखड आली तर सस्पेन्शनचे बुश किंवा बॉल जॉइंट झिजलेत, म्हणजे भाव करायचा मुद्दा, गाडी सोडायचं कारण नाही. परत आल्यावर एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघत बसा. या परीक्षेत बऱ्याच जुन्या गाड्या हात टेकतात.

फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीबद्दल, विचारणारे खूप असतात. सह्याद्रीत हिवाळी मुक्कामांसाठी चांगले टायर असलेली मागच्या चाकांवर चालणारी गाडी पुरते, असं माझं मत आहे. पावसात चिखलाच्या वाटांवर जायचंच असेल तर फोर बाय फोर जरूर घ्या, पण वर्षानुवर्षं न वापरलेलं नको. जुन्या सफारीत ते डॅशबोर्डवरच्या गोल बटणाने लागतं. कच्च्या मैदानात फोर हाय (नेहमीच्या वेगासाठी) आणि फोर लो (हळू पण जास्त जोर लावायला) दोन्ही लावून बघा. दिवा लुकलुकत राहिला तर मोटार किंवा वायरिंगचं काम आहे. कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये पूर्ण वळण घेऊ नका, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर, ताण येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे आडवं होऊन बघा. काकांच्या परवानगीने आम्ही मधली सीट पुढे दुमडली, मागच्या आडव्या छोट्या सीट बाजूला उचलल्या आणि दोघंही योगा मॅट टाकून झोपलो. काकूंनी चहा आणला तेव्हा आम्ही गाडीतच होतो. उंचीपेक्षा वीतभर जास्त लांबी मिळाली पाहिजे आणि उठून बसल्यावर डोकं छताला लागता कामा नये.

कागदांची धावपळ सोपी नाही, पण टाळू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन आधी भरून घ्या. चासी नंबर स्वतः बघून आरसीशी ताडून पाहा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट लागलीय का ते पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे आमची २०२९ पर्यंत, पुढे फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या मोठ्या गाड्या इथे स्वस्तात दिसतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो आणि गाडीचा इतिहास सांगणारं कुणी समोर नसतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने महाराष्ट्रातलीच नोंदणी बघावी. पुढे लोखंडी बुल बार असेल तर काढून टाका. त्यावर बंदी आहे आणि एअरबॅगच्या कामातही तो आड येतो.

बजेटचा चौथा हिस्सा आम्ही गाडीच्या किमतीत न घालता दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला होता. सगळी ऑइलं, फिल्टर, बेल्ट, कूलंटचे पाइप, बॅटरी आणि टायर त्यात बसले. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. काकांच्या टायरची नक्षी छान होती, पण रबर सात वर्षांचं होतं. बदलले.

पहिला मुक्काम मुद्दाम जवळचा ठेवला. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट आणि पुढे खुबी फाट्यावरून खिरेश्वर. कल्याण उजाडायच्या आत ओलांडा. डिझेल मुरबाडला भरून घ्या. भरलेल्या गाडीने घाट सहज चढला, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. उतरताना गिअरवर उतरा. एवढ्या वजनाला नुसत्या ब्रेकवर आणलं तर ब्रेक तापून बसतात.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडे तोंड करून एका शेतकरीदादांच्या कापणी झालेल्या शेतात गाडी लावली. आधी विचारलं, पैसे ठरवले, आणि रात्री वहिनींच्या हातची भाकरी-पिठलं जेवलो. अशी परवानगी घेऊनच राहा. विहिरीचं पाणी आणि सकाळची सोयही त्याच घरात होते. जमीन थोडी उतरती होती, तेव्हा दोन फळ्या चाकाखाली घालून गाडी सपाट केली. डोकं चढाकडेच ठेवायचं.

गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर अजिबात लावायचा नाही, आणि गॅस-शेगडी आत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दोन्ही बाजूच्या खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवून मच्छरदाणीची जाळी लोहचुंबकाने लावली. तरी पहाटे काचा आतून ओल्या झाल्या होत्या, म्हणून जुना टॉवेल हाताशी असू द्या.

कच्च्या रस्त्यावर मागच्या दाराच्या रबरातून धूळ आत आली. ठाण्यात चालवताना हे कळलंच नसतं. परतल्यावर रबर बदललं. स्वस्त काम आहे, गाडी घेतानाच करून टाका. स्टॉर्मची स्टेपनी मागे, गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. ती खाली सोडायची साखळी गंजून अडकते, म्हणून घरी असतानाच एकदा सोडून, ग्रीस लावून परत चढवा. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी पाट हवा, शेतातल्या भुसभुशीत मातीत जॅक आत जातो.

जमलं तर गाडी जुलै-ऑगस्टमध्ये बघायला जा. पावसात दार-छताची गळती लगेच दिसते, वायपर, डिफॉगर, एसी सगळ्यांची परीक्षा होते आणि घोडबंदरचे खड्डे सस्पेन्शनबद्दल काही लपवू देत नाहीत. विकणारा पाऊस थांबल्यावर या म्हणाला, तरी पावसातच जा.