आईच्या माजघरातली डिजिटल फोटो फ्रेम : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला माहेरी गेले होते. आईनं माजघरातल्या भिंतीवरची तिच्या लग्नाची तसबीर उतरवली आणि माझ्या हातात दिली. काचेच्या आत डाव्या कोपऱ्यात बुरशीचा करडा डाग पडला होता, तो बाबांच्या खांद्यापर्यंत आला होता. "पुढच्या पावसात तोंडावर येतंय बघ हे," एवढंच म्हणाली. खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जूनपासून भिंतींना ओल धरते, कपाटातल्या साड्यांना वास लागतो, आणि ट्रंकेतले फोटो एकमेकांना चिकटून बसतात.

बेळगावला परत येतानाच मी ठरवलं, की सगळे फोटो स्कॅन करायचे आणि आईला एक डिजिटल फोटो फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक फोटो दाखवणारी तसबीर, घेऊन द्यायची. आईचं वय ७८. मोबाईलवर ती फोन घेते आणि करते, पण गॅलरी उघडून फोटो बघणं तिला जमत नाही. बोट चुकून कुठंतरी लागतं आणि फोटो जातो. भिंतीवरच्या तसबिरीला बोट लावावं लागत नाही, तसंच काहीतरी हवं होतं.

फ्रेम बेळगावातच घेतली. दहा इंची, १२८० बाय ८०० पिक्सेलची, वायफाय असलेली आणि मेमरी कार्डही लागणारी. १०२४ बाय ६०० ची स्वस्त होती, पण दुकानात दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा स्वस्तातली बाजूनं बघितली की काळपट दिसायची. आई खुर्चीत एका जागी बसून बघणार नव्हती. स्वयंपाकघरातून येता-जाता, तांदूळ निवडताना, तिरक्या नजरेनंच बघणार होती. म्हणून आयपीएस पडद्याची, म्हणजे बाजूनं बघितलं तरी नीट दिसणारी, घेतली, आणि तो निर्णय बरोबर ठरला.

फ्रेमपेक्षा फोटो तयार करण्यातच जास्त वेळ गेला. तीन रविवार. चिकटलेले फोटो ओढून काढायचे नाहीत हे मी पहिल्यांदाच ठरवलं होतं. दात साफ करायचा बारीक दोरा दोन फोटोंच्या मधून करवतीसारखा हळूहळू फिरवला की बरेचसे सुटतात. जे सुटले नाहीत ते तसेच ठेवले. लग्नाचा फोटो तर काचेलाच चिकटला होता. तो सोडवायला गेलं तर बाबांचा चेहरा काचेवर राहिला असता. मग काचेसकटच स्कॅनरवर ठेवला. बाकीचे छोटे काळे-पांढरे फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, घेतले. फ्रेमला एवढं लागत नाही, ३०० वर केलेला ४ बाय ६ चा फोटोसुद्धा १२०० बाय १८०० पिक्सेलचा होतो. पण ट्रंक पुन्हा पुन्हा उघडायची नव्हती, आणि उद्या कुणाला मोठी प्रिंट काढायची झाली तर असू दे म्हटलं. स्कॅनरवर न मावणारे फोटो खिडकीजवळ सकाळच्या उजेडात, ऊन अंगावर न घेता, मोबाईल अगदी सरळ वर धरून टिपले. फ्लॅश लावला की मधोमध पांढरा गोळा येतो.

फोटोंच्या पाठीमागं बघायला विसरू नका. आज्जाच्या एका फोटोमागं स्टुडिओचा शिक्का होता, पुसट जांभळा, आणि त्यात गावाच्या नावाखाली 'मुंबई राज्य' असं होतं. आमचा भाग १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. आईला साल आठवत नव्हतं, ते शिक्क्यानं सांगितलं. मी प्रत्येक फोटोची पाठसुद्धा स्कॅन करून ठेवली.

आता फ्रेम लावण्याचं. आईच्या घरी भावानं इंटरनेट घेऊन दिलंय, तो पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो म्हणून. फ्रेम चालू केली तर तिला ते वायफाय दिसेचना. शेजारच्या घरातलं दिसत होतं, आईचं नाही. तासभर गेला. शेवटी कळलं की वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर येतं, अशा बऱ्याच फ्रेम २.४ वरच चालतात आणि आईच्या राउटरवर, म्हणजे वायफायच्या डबीवर, फक्त ५ चालू ठेवलेलं होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करून त्याला वेगळं नाव दिलं, तेव्हा लगेच जोडली गेली. कार्डाचंही तसंच झालं. मी ६४ जीबीचं कार्ड नेलं होतं, फ्रेम ते वाचेना. एवढी मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतात, आमच्या फ्रेमला फॅट३२ ही जुनी पद्धत लागत होती. जुन्या मोबाईलमधलं ३२ जीबीचं कार्ड काढून वापरलं. आईचे सगळे फोटो मिळून दोन जीबीसुद्धा भरत नाहीत.

पहिल्या दिवशी फोटो सुरू झाले आणि आई समोर येऊन उभी राहिली. आज्जाचा फोटो आला तो टोपीशिवाय. कपाळाच्या वर कापलेला. आईनं माझ्याकडं बघितलं. "टोपी कुठं गेली गं त्यांची?" आज्जानं उघड्या डोक्यानं कधी उंबरा ओलांडला नाही, हे तिनं मला लहानपणापासून सांगितलंय. फ्रेमचा पडदा आडवा आणि लांबट, फोटो उभा, त्यामुळं पडदा भरून काढायला फ्रेमनं वरखालचा भाग कापला होता. सेटिंगमध्ये 'फिल' होतं ते 'फिट' केलं. आता फोटोच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, पण माणूस पुरता दिसतो. मला ते पट्टे सुरुवातीला खटकत होते. आईला अजिबात खटकले नाहीत.

दुसरी अडचण वेगाची. कंपनीनं दर दहा सेकंदाला फोटो बदलायचं ठरवून दिलेलं होतं. आई म्हणाली, "धावालंय की ते! मी त्यांच्या तोंडाकडं बघूपर्यंत दुसरंच आलं." तिच्यासाठी फोटो बघणं म्हणजे त्यात कोण कोण आहे ते ओळखणं, मागं दिसणारं दार कुणाच्या घरचं ते आठवणं, अंगावरचं लुगडं कुठल्या बाजारातनं आणलं ते सांगणं. दहा सेकंदात हे कसं होणार? एक मिनिट केलं, तेही तिला कमी पडलं. शेवटी पाच मिनिटांवर आलो. १४० फोटो एकदा फिरून यायला जवळजवळ बारा तास लागतात, म्हणजे तिचा अख्खा दिवस. ज्यांना आई-वडिलांसाठी फ्रेम घ्यायची आहे त्यांना माझं एवढंच मनापासून सांगणं आहे, की वेग त्यांना विचारून ठरवा.

तिसरी गोष्ट मला सुचलीच नसती. फोटो उलटसुलट क्रमानं यावेत असं सेटिंग मी मुद्दाम लावलं होतं, कंटाळा येऊ नये म्हणून. दुपारी आज्जींचा शेवटच्या आजारपणातला फोटो आला आणि त्याला लागूनच भावाच्या मुलाचा वाढदिवस, केक कापताना. आई उठून आत गेली. संध्याकाळी म्हणाली, "गेलेली माणसं आणि असलेली माणसं अशी एकात एक घालू नको बाई. भिंतीवर कधी लावलेत काय आपण तसे?" खरंच नव्हते लावले. आमच्या माजघरात गेलेल्यांच्या तसबिरी एका भिंतीला, हार घातलेल्या, आणि पोराबाळांचे फोटो समोरच्या भिंतीला. ही रीत मी रोज बघत मोठी झाले आणि फ्रेममध्ये मोडून बसले होते.

मग आम्ही दोघी बसलो आणि आईनं क्रम लावून दिला. मी स्कॅन केलेल्या फोटोंच्या छोट्या प्रिंट काढून आणल्या होत्या, त्या तिनं चटईवर मांडल्या. आधी आज्जा-आज्जी, मग तिचे आई-वडील, मग बाबा. लोंढा स्टेशनवर बाबा नोकरीला होते तेव्हाचा, मीटरगेजच्या गाडीशेजारी उभा असलेला फोटो तिनं बाबांमध्ये पहिला ठेवला. गेलेल्यांचे संपले की मध्ये कणकुंबीच्या माउलीच्या देवळाचा फोटो, आणि मलप्रभेच्या घाटाचा. त्यानंतर आम्ही सगळे. "मध्ये देव असला म्हणजे बरं," ती म्हणाली. आज्जींचा आजारपणातला फोटो तिनं उचलून माझ्या पर्समध्ये टाकला. तो फ्रेममध्ये नाही.

हा क्रम टिकवायचा तर फ्रेमला फाईलच्या नावानुसार फोटो दाखवायला सांगावं लागतं. तारखेनुसार उपयोग नाही, कारण स्कॅन केलेल्या फोटोला स्कॅनचीच तारीख लागते आणि १९५६ च्या आधीचा आज्जा गेल्या महिन्यातला होतो. नावं मी आकड्यांत दिली, पुढं शून्य लावून, नाहीतर काही फ्रेम १०० हा ९० च्या आधी धरतात. आणि दहा-दहाचं अंतर सोडलं : ००१०, ००२०, ००३०. मध्ये एखादा घालायचा झाला तर सगळी नावं बदलायला नकोत.

नावं आधी मराठीत देऊन बघितली होती. फ्रेमनं पडद्यावर नुसते चौकोन दाखवले, तिच्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. म्हणून फोटोखालच्या पट्टीत कोण, कुठं हे मोबाईलवरच लिहून फोटोचाच भाग करून टाकलं, ठळक अक्षरात. आईसाठी मराठीत. भावाच्या मुलासाठी नात्यासकट, म्हणजे 'तुझ्या बाबांची आत्ती' असं, कारण नुसत्या नावावरनं त्याला काय कळणार. आमच्या शेजारच्या काकी कन्नड बोलणाऱ्या, त्या येऊन बसतात तेव्हा आई पट्टी वाचून त्यांना कन्नडमध्ये समजावते.

भाऊ पुण्याहून फोटो पाठवतो ते थेट फ्रेममध्ये येतात. त्याच्या आयफोनचे सुरुवातीला उघडायचेच नाहीत, कारण ते एचईआयसी या प्रकारच्या फाईलचे, आणि फ्रेमला तो प्रकार कळत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटला 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की फोटो नेहमीच्या जेपीईजी प्रकारात निघतात. व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेले फोटो बारीक होऊन येतात, ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. फ्रेममध्ये फोटो पाठवायला लागणारा कोड आधी सगळ्या नातेवाइकांना दिला होता. आठवड्यात फ्रेम गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरली. आता कोड आम्हा दोघांकडंच आहे, बाकीचे आम्हाला पाठवतात.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा. फ्रेम सकाळी ७ ला चालू आणि संध्याकाळी साडेसहाला बंद, असं लावून मी बेळगावला परतले. साडेसहा, कारण दिवेलागणीला देवासमोरची समईच दिसावी असं आईचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. पहाटे साडेचारला माजघरात उजेड झाला आणि ती दचकून उठली, तर अंधारात बाबा. "घाबरले नाही गं," म्हणाली, "जरा वेळ बसले त्यांच्याजवळ. पण दुपारी चारलाच बंद होतंय बघ." हिशेब लागला. फ्रेमचं घड्याळ चीनच्या वेळेवर होतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. शनिवारी जाऊन टाइमझोन कोलकाता केला. लाईट जाऊन आली तरी आता वेळ इंटरनेटवरनं आपोआप बरोबर होते.

फ्रेम म्हणजे फोटोंची तिजोरी नव्हे, हेही लक्षात असू द्या. सगळ्या फोटोंची एक प्रत माझ्याकडं हार्ड डिस्कवर आहे, एक भावाकडं.

ट्रंकेच्या तळाशी पातळ कागदात गुंडाळलेल्या निगेटिव्ह राहिल्या होत्या. बाबांकडं अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे. गेल्या रविवारी त्या घेऊन बसले. लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा उघडला, त्यावर दोन काडेपेट्या, त्यावर काच, काचेवर निगेटिव्ह. पडद्यावर थेट ठेवली तर पडद्याचे ठिपके फोटोत येतात, मध्ये हे अंतर लागतं. खोलीतला दिवा मालवला, वरून मोबाईलनं टिपलं आणि रंग उलटे केले.

तिसऱ्या निगेटिव्हमध्ये आई निघाली. विशीतली असेल. लोंढ्याच्या क्वार्टरच्या पायरीवर बसलेली, पदर ओला, धुणं टाकून आल्यासारखी, आणि फोटो काढणाऱ्याकडं बघून तोंड भरून हसणारी. याची प्रिंट कधी निघालीच नव्हती. मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा पुसला, परत घातला, बराच वेळ बघितलं.

"हा लावू?"

"माझा कशाला," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लाव. पण जिवंत माणसांत नको, त्यांच्या रेल्वेच्या फोटोच्या मागनं लाव. तवाच काढलाय तो."

रेल्वेचा फोटो ०४८० वर होता. आईचा ०४८१ वर घातला.