आमची वाटचाल : आधी कोरडी गाडी, मग बाकीचं

आमचा धंदा विक्रीतून नाही, दुरुस्तीतून उभा राहिला. मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, भिंती उघडायच्या, कुजलेल्या लाकडी पट्ट्या काढून नव्या बसवायच्या, पॅनल पुन्हा चिकटवायचं, हे आमचं मूळ काम. त्यामुळे वापरलेल्या गाड्या घेऊन विकायला लागलो तेव्हा कुठली गाडी घ्यायची नाही, हे आम्हाला आधीच पक्कं ठाऊक होतं. बेताच्या पैशांत डीलरकडून मोटरहोम घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला आम्ही आजही तेच सांगतो. क्लच बदलता येतो, गाद्यांना नवे अभ्रे शिवता येतात, इंजिनाचं काम कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे होतं. पण भिंतीत मुरलेलं पाणी काढायचं तर आतलं फर्निचर उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीत ती मजुरी गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडते. म्हणून आधी कोरडी गाडी शोधायची. रंग, टीव्ही, सोफ्याचं कापड हे सगळं त्यानंतर.

चासीवर, म्हणजे गाडीच्या उघड्या सांगाड्यावर, बांधलेल्या मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लाय आणि कडांना लाकडी पट्ट्या. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि तिच्याखाली फट बुजवणारं मऊ सीलंट असतं. चालत्या गाडीचं सगळं घर सतत थोडं पिळवटत असतं. सीलंट मऊ आहे तोवर ते हे सहन करतं. उन्हाने आणि वयाने ते कडक झालं की त्याला भेगा जातात आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं. शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, हीच खरी अडचण. छताच्या कोपऱ्यात घुसलेलं पाणी लाकडी पट्टीवरून उतरत कपाटाच्या तळाशी जमतं, आणि तिथे तर कोणी डोकावतच नाही.

संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असेल तर त्याचे पुढचे दोन्ही कोपरे, छतावरच्या खिडक्यांच्या चौकटी, ऑनिंगचे (बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराचे) स्क्रू, मागच्या दिव्यांच्या मागची भिंत आणि रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर आत येते ती जागा. सोलर पॅनल किंवा टीव्हीचा अँटेना मालकाने नंतर बसवून घेतला असेल तर तिथली भोकं आम्ही सगळ्यांत आधी बघतो. कारखान्यात पाडलेलं भोक एका पद्धतीने बंद होतं, घरी पाडलेलं ज्याच्या त्याच्या पद्धतीने.

ओल मोजायचं मीटर साधं असतं आणि डीलरकडे ते असायलाच हवं. १५ टक्क्यांपर्यंत वाचन आलं तर काळजी नाही. १५ ते २० आलं तर ती जागा लिहून ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा मोजायची. २० च्या वर गेलं म्हणजे पाणी येतंय, त्याची वाट शोधायला हवी. ३० च्या वर असेल तर आतलं लाकूड बहुधा गेलेलं असतं, आणि बेताचं बजेट असलेल्याने ती गाडी तिथेच सोडावी. वाचन कपाटांच्या आतून, गाद्यांखालून, सगळ्या कडांनी आणि साधारण अर्ध्या अर्ध्या मीटरवर घ्यायचं. भिंतीमागे धातूची पट्टी असेल तर मीटर फसतं आणि आकडा उगाच मोठा दाखवतं, म्हणून उजव्या भिंतीवरचं वाचन डाव्या भिंतीच्या त्याच जागेशी ताडून बघावं. एकीकडे १२ आणि समोर २४ असेल तर शंकेला जागा उरत नाही. बरेच दिवस कोरडी हवा असली की ओली भिंतही वरवर सुकते. तेव्हा मीटरइतकाच भरवसा डोळ्यांवर आणि अंगठ्यावर ठेवावा. भिंतीचा कागद लाटांसारखा उठलेला, स्टेपलभोवती गंजाचा तपकिरी डाग, दाबल्यावर आत जाणारा प्लाय, यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही छान असो, तिथे पूर्वी पाणी येऊन गेलेलं आहे.

बाहेरून जोडांवर पांढऱ्याशुभ्र सिलिकॉनची ताजी रेघ दिसली तर ती कुणी, कधी आणि का मारली हे विचारा. जुन्या जोडावर वरून फासलेलं सिलिकॉन आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. शिवाय सिलिकॉनच्या थरावर नंतर दुसरं कुठलंच सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्ती दुप्पट कष्टाची होते. योग्य काम म्हणजे पट्टी काढून, जुनं सीलंट खरवडून, नवीन ब्यूटाइल (मऊ रबरासारखं) सीलंट घालून पट्टी परत बसवणं. ते केलेलं असेल तर डीलरकडे त्या कामाचं बिल असतं.

जमीन टाचेने दाबत चालून बघायची, विशेषतः दारापाशी, ओट्यासमोर आणि बाथरूमच्या उंबऱ्याला. करकर आवाज येत असेल किंवा पाय किंचित खाली जात असेल तर प्लाय आणि फोम एकमेकांपासून सुटले आहेत. याला मात्र घाबरायचं कारण नाही. लाकूड कोरडं असेल तर बारीक भोकं पाडून आत राळ भरतात, वर वजन ठेवून ती घट्ट होऊ देतात आणि जमीन पुन्हा टणक होते. किमतीत घासाघीस करायला हा चांगला मुद्दा आहे.

आमच्या आवारातल्या प्रत्येक गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला तिचा नकाशा आणि त्यावर ओलीची वाचनं लावलेली असतात, वाईट आकड्यांसकट. ही पद्धत आम्ही विक्रीच्या सुरुवातीपासून पाळली आणि धंदा तिच्यावरच वाढला. दुसऱ्या डीलरकडे जाल तिथेही असा कागद मागा. नसेल तर मीटर घेऊन तुमच्यासमोर मोजायला सांगा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

व्हॅनचंच घर केलेली गाडी घेतली तर भिंत-छताचे असे जोड फारच कमी असतात. तिथे ओलीऐवजी गंज बघायचा, आणि त्याच पैशांत जागा कमी मिळते हे मान्य करायचं.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज आम्हाला रोज खोडावा लागतो. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) किलोमीटर किंवा वर्षं, यातलं जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो. बारा वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा बेल्ट कुणी बदललेलाच नसतो, कारण आकडा भरलेला नाही. तो तुटला तर बऱ्याचशा इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरावं. उभ्या गाडीचे ब्रेक गंजून धरतात, टायर भरपूर नक्षी शिल्लक असतानाच बाजूने तडकतात. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचे टायर या वजनाखाली आम्ही ठेवत नाही, नक्षी कितीही असो.

चालवून बघताना इंजिन गार हवं. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर धूर आणि सुरू होतानाची कुरकुर दोन्ही लपतात. चढावर रिव्हर्समध्ये हळू घ्या, क्लच गेलेला असेल तर गाडी थरथरते.

आता वजन. जुन्या बाजारात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. बऱ्याच मोटरहोमना एकूण ३५०० किलोची मर्यादा असते, आणि कागदावरचं रिकामं वजन ऑनिंग, जादा बॅटरी, सोलर पॅनल लागण्याआधीचं असतं. म्हणून गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यायची. समजा डिझेलची टाकी भरलेली, माणूस कोणी नाही आणि काटा ३१२० दाखवतो. उरले ३८०. दोन माणसांचे १५०, शंभर लिटर पाण्याचे १००, दोन भरलेल्या सिलिंडरचे अंदाजे ४५, दोन सायकली आणि त्यांचा स्टँड ४५. राहिले ४० किलो, त्यात कपडे, भांडी, शिधा, खुर्च्या सगळं आलं. चौघांचं कुटुंब या गाडीत झोपू शकेल, पण कायद्याने चालवू शकणार नाही. मागचा धुरा वेगळा मोजावा. पुढच्या आणि मागच्या चाकांत चार मीटर अंतर असलेल्या गाडीच्या मागच्या चाकांपासून दोन मीटर मागे ५० किलो टांगले तर मागच्या धुऱ्यावर ७५ किलो वाढतात आणि पुढचा २५ ने हलका होतो. लांब शेपटीच्या गाड्यांत हा फरक स्टिअरिंगला जाणवतो. झोपायच्या जागा किती आणि सीटबेल्ट किती, हेही दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही मोजा.

आतली यंत्रणा चालू करून दाखवल्याशिवाय गाडी पसंत करू नका. गॅस, बॅटरी आणि मेन्स (बाहेरून जोडलेली घरगुती वीज) अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज गार व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून येण्याच्या आदल्या संध्याकाळी तो गॅसवर लावून ठेवायला सांगा. मेन्सवर चालतो एवढं दाखवून भागत नाही. गाडी सपाट जागी उभी हवी, नाहीतर चांगला फ्रिजही गार होत नाही. फ्रिजमागच्या जाळीतून अमोनियाचा उग्र वास आला किंवा पिवळे डाग दिसले तर त्याचं शीतक युनिट फुटलेलं आहे आणि ते बदलण्याशिवाय इलाज नाही.

घरच्या वापराची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्जर काढून काही तासांनी मोजली तर भरलेली असताना १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. दिवे आणि पंप अर्धा तास चालवून ती १२ च्या खाली घसरली तर ती बदलायची आहे. जुन्या गाड्यांत इंजिन सुरू केल्यावर त्याच बॅटरीवर साडेतेराच्या वर आकडा यायला हवा, नाहीतर चार्जिंगचा रिले किंवा फ्यूज गेलेला आहे. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी हवी, पिवळी काजळी धरणारी नको. रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे आणि गळला तर खालूनच बाहेर जायला हवा. ते भोक चटईने झाकलेलं आम्हाला वरचेवर सापडतं. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मलाही मुदत असते, ती मागच्या बाजूला छापलेली असते.

पाण्याची टाकी भरून सगळे नळ उघडा, मग बंद करा. दाबावर चालणारा पंप लगेच थांबला पाहिजे. सगळं शांत असताना तो मिनिट-दोन मिनिटांनी क्षणभर कुरकुरत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय. थंड प्रदेशात हीटरमध्ये पाणी तसंच राहून गोठलं की टाकी फाटते आणि नेमकं हेच दिसतं. “थंडीसाठी पाणी काढून ठेवलंय, आत्ता दाखवता येणार नाही” असं उत्तर आलं तर परत या, पण बयाणा देऊ नका.

डीलरला एक प्रश्न थेट विचारा : गाडी तुमच्या मालकीची आहे, की मालकासाठी विकायला ठेवली आहे? दुसऱ्या प्रकारात करार बहुधा मूळ मालकाशी होतो आणि नंतरच्या तक्रारीचं ओझं कुणावर, हे बदलतं. वॉरंटीच्या कागदात काय वगळलंय ते आधी वाचा. ओल बऱ्याचदा वगळलेली असते. चासी क्रमांक गाडीवर, पाटीवर आणि कागदावर एकच आहे आणि गाडीवर कर्ज बाकी नाही, याची खात्री लेखी घ्या.

घासाघीस करताना किंमत कमी करण्यापेक्षा कामं करून मागणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. डीलरला टायर, बेल्ट, गॅसची दाबचाचणी तुमच्यापेक्षा स्वस्तात पडते. ठरलेलं प्रत्येक काम ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या, आणि ती कामं झाली नाहीत तर बयाणा परत मिळेल असंही लिहून घ्या. हे करूनही बजेटचा निदान दहावा हिस्सा हातात ठेवा. पहिल्या वर्षात बॅटरी, कॅसेट टॉयलेटचं (टाकी बाहेर काढून रिकामी करायच्या संडासाचं) सील, एखादी छतावरची खिडकी, असं काहीतरी निघतंच.

गाडी ताब्यात घ्यायला दोन-तीन तास काढून या. आम्ही प्रत्येक स्विच ग्राहकाच्या हातानेच चालवून घेतो आणि पहिली रात्र आवाराजवळच काढायला सुचवतो, म्हणजे काही बंद पडलं तर सकाळी आणता येतं. दाराआडचा ओलीचा नकाशा ग्राहकाला देतो आणि एक प्रत आमच्याकडे ठेवतो. वर्षाने गाडी तपासणीला आली की त्याच जागांवर, त्याच मीटरने पुन्हा वाचन घेतो. एखाद्या कोपऱ्यात १४ चे १८ झाले असतील तर तेवढीच पट्टी काढून सीलंट बदलतो. ते काम साधारण दिवसभराचं असतं.